डोक्यावरचे गोंदण: कायमचे की काही वर्षांपुरते?

मालवणात माझे औषधांचे दुकान आहे. केस गळण्यावरची औषधे घ्यायला येणारी माणसे जे काही विचारतात, त्यात गेल्या काही वर्षांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. गणपतीला मुंबईहून आलेला एखादा चाकरमानी मिनॉक्सिडिलची बाटली मागतो, दुकानात दुसरे गिऱ्हाईक नाही ना हे मान वळवून बघतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "डोक्यार ठिपके मारतत, ता परमनंट करूचा की सेमी?" काउंटरवर उभ्या उभ्या याचे उत्तर देता येत नाही, कारण ‘परमनंट’ आणि ‘सेमी-परमनंट’ हे दोन्ही शब्द मुळात जाहिरातीतले आहेत आणि दोन्ही थोडेथोडे फसवे आहेत. परमनंट म्हणून भरलेला रंगही फिका होतो, आणि सेमी-परमनंट म्हणून भरलेला रंग सांगितलेल्या मुदतीत पूर्ण निघून जाईलच असे नाही. रंग किती वर्षे राहील, हे सगळेच विचारतात. तो जाताना कसा जाईल, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते निवड त्यावरच करायला हवी. हे मत कशामुळे झाले, ते येथे सविस्तर मांडतो.

ज्याला ‘स्काल्प मायक्रोपिगमेंटेशन’ किंवा थोडक्यात ‘एसएमपी’ म्हणतात, ते साध्या मराठीत डोक्यावरचे गोंदण आहे. अतिशय बारीक सुयांनी डोक्याच्या त्वचेत रंगाचे हजारो ठिपके उतरवतात, आणि प्रत्येक ठिपका झिरो मशीन मारल्यावर दिसणाऱ्या केसाच्या खुंटाएवढा ठेवतात. पूर्ण टक्कल असलेल्या डोक्यावर असे ठिपके भरले की माणसाने आपल्या आवडीने केस बारीक केले आहेत असे वाटते. केस नुसते विरळ झाले असतील, तर उरलेल्या केसांच्या मधल्या त्वचेत ठिपके भरतात. केसांतून डोकावणारी फिकट त्वचा त्याने झाकली जाते आणि केस दाट असल्याचा भास होतो. भास हा शब्द मुद्दाम वापरला आहे. या कामाने एकही केस उगवत नाही आणि गळणारा एकही केस थांबत नाही. मात्र काम नीट झाले असेल तर असलेल्या केसांना अपायही होत नाही, कारण वाढत्या केसाचे जिवंत मूळ त्वचेखाली साधारण चार मिलीमीटरवर असते आणि रंग त्याच्या बराच वर ठेवायचा असतो.

आमच्या आजीच्या उजव्या हातावर, मनगटापासून चार बोटे वर, तुळशीवृंदावन गोंदलेले होते. ते तिच्या लग्नाआधीचे, म्हणजे मी पाहिले तेव्हा साठेक वर्षांचे जुने. दुपारी तिच्या मांडीवर डोके ठेवून पडलो की तो हात अगदी डोळ्यांसमोर येई. दुरून ते स्वच्छ वृंदावन वाटे. जवळून मात्र कडा ओल्या कागदावरच्या शाईसारख्या पसरलेल्या दिसत, शेजारचे दोन ठिपके एकमेकांत मिसळून त्यांचा एक लांबट डाग झालेला होता, आणि रंग काळा राहिलाच नव्हता, पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यासारखा हिरवट-निळा झाला होता. गोंदताना वापरली होती ती दिव्याची काजळी, म्हणजे काळा कार्बनच. काळ्याचे निळे कसे झाले, याचे बरेचसे कारण खोलीत आहे. त्वचेत खोल बसलेल्या काळ्या रंगापर्यंत तांबडा प्रकाश पोहोचतो आणि तेथे शोषला जातो. निळा प्रकाश मात्र वरच्या थरांतच विखरून आपल्या डोळ्यांकडे परततो, म्हणून खोलवरचा काळा रंग निळसर भासतो. मनगटावरच्या वृंदावनाला हे शोभून जाते. केसाचा खुंट म्हणून कपाळाच्या वर काढलेला ठिपका असा निळा पडून पसरला, तर मात्र तो समोरच्या माणसाच्या नजरेत पहिल्या क्षणी भरतो.

आता आतली रचना पाहू. त्वचेचे ढोबळमानाने दोन थर मानले, तर वरची ती बाह्यत्वचा आणि तिच्या खालची ती अंतस्त्वचा. बाह्यत्वचेच्या पेशी तळाशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात आणि महिना-दीड महिन्यात गळून पडतात. हातावरची मेंदी दोन-तीन आठवड्यांत जाते ती याच कारणाने, कारण ती सगळ्यात वरच्या मृत थरालाच रंगवते. गोंदणाचा रंग अंतस्त्वचेत ठेवावा लागतो. तेथे रंगाचे कण गेले की शरीर त्यांना परके समजते आणि भक्षक पेशी ते कण गिळून टाकतात. पण गिळलेले पचवता येत नसल्यामुळे त्या पोटात रंग घेऊन तेथेच बसून राहतात. फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिले की अशी पेशी मेली की तिच्यातला रंग मोकळा होतो आणि शेजारी आलेली नवी पेशी तो पुन्हा गिळते. म्हणजे गोंदण टिकते ते रंग कोठे घट्ट चिकटून राहिल्यामुळे नव्हे. एका पेशीकडून दुसरीकडे त्याची देवघेव चालू राहते म्हणून टिकते. या देवघेवीत काही बारीक कण लसिकेबरोबर, म्हणजे पेशींच्या मधून वाहणाऱ्या पातळ द्रवाबरोबर, वाहून जातात, काही उन्हाने फुटतात, आणि म्हणून कोणतेही गोंदण वर्षांनुवर्षे पहिल्या दिवसासारखे राहत नाही.

हे एकदा ध्यानात आले की सेमी-परमनंट म्हणजे काय, ते उलगडते. तेथे वेगळी अशी कोणतीही जादू नसते. रंग लवकर जावा म्हणून कण बारीक ठेवतात, शाई पातळ ठेवतात, शरीराला वाहून नेता येईल असे रंगद्रव्य निवडतात आणि सुई कमी खोल नेतात. अशा कामाला साधारण एक ते तीन वर्षांची मुदत सांगितली जाते. परमनंट म्हटल्या जाणाऱ्या कामात बहुधा कार्बनची काळी शाई असते, ती अधिक काळ टिकते, तरीही चार-सहा वर्षांनी ती फिकी पडून पुन्हा हात फिरवावा लागतो. या दोन शब्दांची सर्वमान्य अशी व्याख्या नाही. कोणत्या बाटलीवर कोणता शब्द छापायचा, ते विकणारा ठरवतो. शिवाय खोली ही बाटलीत नसून माणसाच्या हातात असते. कानशिलाजवळची त्वचा पातळ, भोवऱ्याजवळची जाड, जुन्या जखमेच्या व्रणावरची आणखी निराळी. एकाच दाबाने सगळीकडे सुई चालवणाऱ्याच्या हाताखाली तीच सेमी-परमनंट शाई भोवऱ्यावरून सहा महिन्यांत नाहीशी होऊ शकते आणि कानशिलावर खोल रुतून पसरू शकते. मग तिची मुदत कोणती धरायची?

रंग कशाचा बनला आहे, यावर तो कसा जाईल हे ठरते, आणि निवडीतला हा सर्वांत महत्त्वाचा भाग असूनही याविषयी फार थोडे बोलले जाते. भुवया आणि ओठ रंगवण्याच्या कामातून आलेल्या पुष्कळ शाया लोहाच्या ऑक्साइडांच्या असतात. काळपट-तपकिरी छटा साधण्यासाठी त्यात काळा, तांबडा, पिवळा असे ऑक्साइड मिसळलेले असतात, आणि शाई फिकी करण्यासाठी कधी पांढरे टायटॅनियम डायऑक्साइडही घातलेले असते. हे सारे घटक एकाच वेगाने जात नाहीत. काळा भाग आधी ओसरला की मागे तांबूस छटा राहते, आणि दीड-दोन वर्षांनी डोक्यावर लालसर ठिपक्यांची पुरळ उठल्यासारखे दिसते. लोहाचे ऑक्साइड म्हणजे गंजच, हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. समुद्राकाठी खिडकीचे गज ज्या रंगाचे होतात तोच हा रंग. याउलट, चांगली पातळ केलेली आणि योग्य खोलीवर बसवलेली निव्वळ कार्बनची शाई एकाच घटकाची असल्यामुळे फिकी होताना राखाडीच राहते, आणि राखाडी ठिपका हा कापलेल्या केसाच्या खुंटाचाच रंग असतो. म्हणून केवळ लवकर जाते या एका गुणावर भाळून मिश्र रंगाची शाई डोक्यात घेऊ नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन. सेमी-परमनंट हवेच असेल तर शाईत कोणकोणते घटक आहेत ते विचारावे, बाटलीवरचे लेबल पाहावे, आणि ‘आमची खास शाई आहे’ एवढेच उत्तर मिळाले तर उठून यावे.

मग कोणी काय करावे? माझ्या पाहण्यातल्या दोन प्रकारच्या माणसांवरून सांगतो. पहिला पंचविशी-तिशीतला. त्याचे कपाळ दोन्ही बाजूंनी मागे जाऊ लागले आहे, भोवऱ्यावर रुपयाएवढी जागा उघडी पडली आहे, आणि वडिलांकडे पाहिले की पुढे काय होणार ते दिसते आहे. पुरुषांच्या टक्कल पडण्याची जी सात पायऱ्यांची श्रेणी डॉक्टर वापरतात, ती हॅमिल्टन यांनी 1951 मध्ये मांडली आणि नॉरवुड यांनी 1975 मध्ये सुधारली. हा मुलगा त्या श्रेणीत तिसऱ्या पायरीवर असेल, तर तो पाचवीवर थांबेल की सातवीवर, हे आज निश्चित सांगता येत नाही. आज त्याने विरळ जागेत गडद, दीर्घकाळ टिकणारे ठिपके भरून घेतले आणि पुढच्या दहा वर्षांत आजूबाजूचे केस गेले, तर ठिपक्यांचे बेट मागे उरेल आणि भोवती मोकळी त्वचा. अशा माणसाने आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन गळती आवरता येते का ते पाहावे. मिनॉक्सिडिल आहे, पुरुषांसाठी फिनास्टेराइड आहे. एक मिलिग्रॅमच्या मात्रेत केसांसाठी फिनास्टेराइडला अमेरिकेत 1997 मध्ये मान्यता मिळाली. त्याचे दुष्परिणाम असू शकतात, आणि ते थांबवले की राखलेले केस वर्षभरात पुन्हा जाऊ लागतात, म्हणून ते माझ्यासारख्या दुकानदाराच्या सांगण्यावरून न घेता डॉक्टरच्या चिठ्ठीवरच घ्यावे. एवढे करूनही ठिपके हवेच असतील, तर त्याने लवकर फिकी होणारी एकाच घटकाची शाई आणि अगदी विरळ काम पत्करावे, म्हणजे दोन वर्षांनी डोके बदलले असेल त्याप्रमाणे आखणी बदलता येईल.

दुसरा माणूस पंचेचाळिशीच्या पुढचा. वरचे केस गेले आहेत, बाजूची झालर बरीच वर्षे तेवढीच आहे, आणि तो दर चार दिवसांनी झिरो मशीन मारतोच. याचे डोके स्थिरावलेले आहे. त्याने टिकाऊ कार्बनची शाई निवडली तर मला त्यात गैर काही दिसत नाही, उलट तेच सोयीचे. फक्त दोन गोष्टी त्याने सांभाळाव्यात. कपाळावरची केसांची रेषा विशीतल्या फोटोवरून आखून घेऊ नये. ती वर, किंचित तुटक आणि कानशिलांकडे मागे गेलेलीच ठेवावी. दुसरे म्हणजे बाजूचे केस पांढरे होत जातील आणि वरचे ठिपके काळेच राहतील, याचा विचार आधी करावा. पांढऱ्या झालरीवर काळीभोर टाळू हे दृश्य तरुण दिसण्याच्या हेतूलाच मारक असते, म्हणून सुरुवातीलाच एक-दोन छटा फिकी शाई घ्यावी. गडद करणे केव्हाही हातात असते.

रेषेवरून आठवले. दोन वर्षांपूर्वी एक ओळखीचे गृहस्थ मुंबईत काम करून घेऊन दुकानात आले होते. आतल्या ट्यूबलाइटखाली त्यांचे डोके पाहून मी मनापासून दाद दिली. मग ते पायरी उतरून उन्हात गेले, आणि वैशाखातल्या त्या थेट उन्हात कपाळावरची रेषा पट्टी लावून मारावी तशी सरळ दिसू लागली. कान ते कान एकच सलग कड होती, तिच्या अलीकडे घामाने चमकणारे कपाळ आणि पलीकडे एकसारखा गडद पट्टा. खऱ्या केसांची कड कधीच अशी नसते. तेथे बारीक, फिके, एकांडे केस पुढे आलेले असतात. त्यांनी सकाळी डोक्याला खोबरेल चोळले होते आणि त्यामुळे भर पडली होती. खऱ्या खुंटांना उंची असते, त्यांच्यामुळे त्वचेची चकाकी मोडते. ठिपका मात्र सपाट असतो आणि त्यावर तेल लागले की काळ्या ठिपक्यांवरून चमकणारी गुळगुळीत त्वचा लगेच कळून येते. डोक्याला तेल लावल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, त्यांना ही सवय सोडावी लागेल, आणि आमच्याकडे ती सोडणे सोपे नाही.

स्त्रियांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. त्यांचे कपाळ सहसा मागे जात नाही. भांग रुंदावत जातो आणि टाळूवरची त्वचा दिसू लागते. लांब केसांखाली भांगाच्या दोन्ही बाजूंना ठिपके भरले तर ते बेमालूम मिसळून जातात, कारण वरून केसांची सावली असतेच. पण बायकांच्या केसगळतीत रक्तातले लोह कमी असणे, थायरॉइडचा विकार, बाळंतपण अशी कारणे पुष्कळदा असतात आणि त्यांवर उपाय केला की केस परत येतात, म्हणून तपासण्या करून घेतल्याशिवाय सुईचा विचारही करू नये.

हेच तापानंतरच्या गळतीबद्दल. आमच्याकडे पावसाळ्यात डेंग्यू, लेप्टो, टायफॉइड यांचे रुग्ण असतातच. ऑगस्टमध्ये मोठा ताप येऊन गेलेला माणूस दिवाळीच्या सुमाराला फणीत केसांचा पुंजका घेऊन घाबरून येतो. शरीराला बसलेल्या धक्क्याने बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. मुळे शाबूत असल्यामुळे पुढच्या काही महिन्यांत ते बहुधा पुन्हा उगवतात. त्या काळात ठिपके मारून घेणे म्हणजे उगाच पैसे घालवणे. चाई पडली असेल, म्हणजे गोल चकत्यांनी केस गेले असतील, तर ती जागा कधी भरेल आणि दुसरी कोठे उघडेल याचा नेम नसतो, म्हणून ती शांत होईपर्यंत थांबावे. सोरायसिस, कोड किंवा लायकेन प्लेनस असलेल्यांना आणखी एक धोका असतो: या विकारांत सुई टोचल्या जागीच नवा चट्टा उमटू शकतो. जखमेवर गाठीसारखा व्रण वाढण्याची प्रवृत्ती असलेल्यांनी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी आणि साखर ताब्यात नसलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय परमनंट किंवा सेमी, काहीच करू नये.

आता कोकणातल्या हवेचा हिशेब. समुद्रात पोहल्याने ठिपके धुऊन जातात, असा समज बऱ्याच जणांचा असतो, तो खरा नाही. भरून आलेल्या त्वचेखालचा रंग खाऱ्या पाण्याला किंवा घामाला लागतच नाही. रंग फिका करते ते ऊन. होडीवर जाणारा, आंब्याच्या बागेत राबणारा किंवा पर्यटकांना स्कूबा डायव्हिंगला नेणारा माणूस दिवसभर उघड्या डोक्याने वावरतो, आणि मुंबईत कचेरीत बसणाऱ्याच्या मानाने त्याचा रंग लवकर जाणार. त्याने टोपी आणि सनस्क्रीन यांची सवय लावून घेतली नाही, तर दोन वर्षांच्या सेमी-परमनंटचे वर्षभरात पाणी होईल. जपायचे असते ते मुख्यतः सुरुवातीला. काम झाल्यावर पहिले तीन-चार दिवस डोके कोरडे ठेवतात, आठ-दहा दिवस घाम येईल अशी कष्टाची कामे टाळतात, आणि महिनाभर समुद्रात किंवा तळ्यात डुबकी मारत नाहीत. काम एका बैठकीत होत नसून आठवडा-दोन आठवड्यांच्या अंतराने दोन ते चार बैठका लागतात, म्हणजे एकूण दीड-दोन महिने मोकळे हवेत. मासेमारी करणाऱ्याला असा सलग काळ 1 जून ते 31 जुलै या बंदीच्या दिवसांतच मिळतो. पावसात भिजायचे नाही आणि दमट हवेत डोक्यावर बुरशी वाढू द्यायची नाही, एवढी काळजी घेतली तर तो काळ चालण्यासारखा आहे. बागायतदाराने मार्च ते मे अजिबात निवडू नये.

खर्चाचा विचार करताना एका वेळचा दर पाहून सेमी-परमनंट स्वस्त ठरवले जाते. आमच्या भागातून या कामासाठी माणसे बहुधा मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा गोव्याला जातात, म्हणून प्रवास आणि बुडालेले दिवसही धरले पाहिजेत. बारा वर्षांचा हिशेब करू. दर दीड वर्षाने रंग भरावा लागला तर पहिले काम धरून आठ वेळा जावे लागेल. दर चार वर्षांनी भरावा लागला तर तीन वेळा. कुडाळला रात्री गाडीत बसून मुंबई गाठायची, काम करून परतायचे, पुन्हा दहा दिवसांनी तेच, असे आठ वेळा. पैशांपेक्षाही मोठी अडचण वेगळीच आहे. जुना रंग पुरता गेलेला नसतानाच त्यावर नवा भरत गेले, तर ठिपक्यांमधल्या मोकळ्या जागा बुजतात आणि डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा सलग थर दिसू लागतो. म्हणून सेमी-परमनंट घेणाऱ्याने मुदत भरली म्हणून घाईने न जाता, रंग खरोखर किती उरला आहे ते उजेडात पाहून मगच पुढची वेळ ठरवावी.

समजा, काम पसंत पडले नाही. तेव्हाही शाईचा प्रकारच आड येतो. गोंदण काढायला जो क्यू-स्विच्ड एनडी-याग लेझर वापरतात, त्याची 1064 नॅनोमीटरची लहर काळा कार्बन चांगली शोषतो आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेला ती इतर लहरींपेक्षा सुरक्षित असते, तरी फिकट डाग पडण्याची शक्यता उरतेच. कार्बनचे ठिपके आठवड्यांच्या अंतराने काही बैठकांत बऱ्यापैकी निघतात. लोहाच्या ऑक्साइडची किंवा टायटॅनियम डायऑक्साइडची शाई मात्र लेझर लागताच फिकी होण्याऐवजी एकदम काळी पडू शकते. म्हणजे ‘जाणारी’ म्हणून घेतलेली मिश्र रंगाची शाई कधी कधी काढायला जास्त अवघड, आणि ‘कायमची’ म्हणून घेतलेली काळी शाई काढायला सोपी, असा हा उलटा मामला आहे.

स्वच्छतेबद्दल औषधविक्रेता म्हणून थोडे कडक बोलतो. सुया एकदाच वापरायच्या असतात आणि त्यांचे पाकीट तुमच्या समोर फोडले पाहिजे. कावीळ बी आणि सी दुसऱ्यावर वापरलेल्या सुयांतूनही पसरतात. शाई पातळ करायला निर्जंतुक पाणीच हवे. न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर शहरात 2011-12 मध्ये आधीच पातळ करून विकलेल्या राखाडी शाईतून गोंदणाच्या जागी मायकोबॅक्टेरियम चेलोनी या जंतूचा संसर्ग झाल्याचे आढळले होते, आणि डोक्यावरच्या कामात नेमकी अशीच पातळ केलेली शाई लागते. नळाचे, विहिरीचे किंवा मशीनने गाळलेले पिण्याचे पाणी यासाठी चालत नाही. युरोपीय संघाने गोंदणाच्या आणि पर्मनंट मेकअपच्या शायांतील हजारो रसायनांवर जानेवारी 2022 पासून मर्यादा घातल्या आहेत. ते नियम पाळून बनवलेली शाई मागता येते आणि मागावी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मात्र सौंदर्यासाठी त्वचेत टोचण्याकरिता कोणत्याही रंगद्रव्याला मान्यता दिलेली नाही, हेही माहीत असावे. गोंदणानंतर वर्षभर रक्तदान करता येत नाही, आणि पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर लोहयुक्त शाईची कल्पना तेथील तंत्रज्ञाला आधी द्यावी, कारण क्वचित त्या जागी गरम वाटते.

काम करणारा माणूस निवडताना त्याने केलेल्या कामाचे त्याच दिवशीचे फोटो पाहण्यात अर्थ नाही, कारण ताजे ठिपके सगळ्यांचेच ठळक आणि गोल दिसतात. दोन-तीन वर्षांपूर्वी काम केलेले एखादे डोके उन्हात प्रत्यक्ष दाखवा, असे म्हणावे. लवकर फिकी होणारी शाई घ्यायची असेल तर हा आग्रह दुप्पट धरावा, कारण ती जाताना तांबूस झाली की राखाडी, हे तेथेच दिसते. शक्य असेल तर कानामागे झाकल्या जागी चार-सहा ठिपके मारून घ्यावेत आणि निदान दीड महिना थांबावे. अंगाला सोसते का आणि भरून आल्यावर रंग कसा दिसतो, एवढे तरी त्यातून कळते.

आणि पूर्ण टकलावर ठिपके घ्यायचे असतील, तर त्याआधी एक बिनखर्चाची परीक्षा आहे. बाजूची झालर झिरो मशीनने उडवावी आणि त्याच रूपात महिनाभर राहावे, कारण ठिपके परमनंट असोत की सेमी, पुढे कायम याच लांबीचे केस ठेवावे लागणार आहेत, दर तीन-चार दिवसांनी मशीन मारावे लागणार आहे. गणपतीत हाच प्रश्न घेऊन आलेले एक चाकरमानी माझ्या सांगण्यावरून बाजारातल्या सलूनमध्ये गेले आणि दुसऱ्या दिवशी झिरो मारलेले डोके घेऊन दुकानात आले. घरी बायको काय म्हणाली, असे विचारले. ती म्हणाली, "आधीच करूचा होता." ठिपक्यांचे त्यांनी शिमग्यापर्यंत पुढे ढकलले आहे, त्या दिवशी ते एक सनस्क्रीन घेऊन गेले.